पूर्ववत

“माणूस गेला तो गेला, जाताना कुलूप लावून गेला बघा.” डिस्पॅचचे तापकीर दादा दाराबाहेर उभं राहून कुणाला तरी सांगत होते. मी आत, सर्व्हर रूमच्या गार फरशीवर बसले होते. गायकवाड सरांना जाऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. चाकणच्या आमच्या कारखान्याचं सगळं नेटवर्क ते एकटे सांभाळायचे, आणि मी त्यांच्या हाताखाली. त्या दिवशी पहाटे वीज गेली, परत आली, पण मुख्य राउटर काही उठला नाही. बिलं निघेनात. भरलेले ट्रक गेटच्या आतच उभे.

असा राउटर अडला की त्याच्या कन्सोल पोर्टमध्ये एक निळी केबल घालायची, दुसरं टोक लॅपटॉपला, आणि त्याच्याशी थेट बोलायचं. एरवी वर्ष वर्ष त्या पोर्टला कुणी हात लावत नाही. बाहेरून बोलावलेला इंजिनिअर सकाळपासून तेच करत होता आणि स्क्रीनवर नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं उमटत होती. त्याच्या दोन केबल बदलून झाल्या होत्या. मला फार थकल्यासारखं झालं होतं... खरं तर त्या रविवारपासूनच. सर दिघीच्या घरी, चहा घेता घेता गेले, असा फोन आला तेव्हा मी फक्त ‘ओके’ म्हणाले होते. नंतर त्यांच्या घरी जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले, आणि काकूंशी एक शब्द न बोलता रावेतला माझ्या घरी परत आले.

सर धाराशिवकडचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेले आणि त्याचा मोठेपणाही नाही, संकोचही नाही. कामाचं रजिस्टर ते मराठीत लिहायचे, सुवाच्य, शाईच्या पेनानं. मी इंग्रजी शाळेतली. ते पोर्टचा नंबर ‘एकोणचाळीस’ म्हणाले की मी मान हलवायचे आणि भलतीच वायर धरायचे. ते हसत नसत. क्षणभर थांबून, जणू स्वतःशीच, ‘थर्टी नाइन’ म्हणायचे. एकदाच म्हणाले होते, “कळालं नाही तर विचारत जा की गं. मी काय मोठा साहेब लागून गेलोय?” मी त्यावरही मान हलवली.

गेल्या हिवाळ्यात याच राउटरची मुख्य फाइल बिघडली होती. ती कन्सोलमधूनच पाठवावी लागणार होती, आणि नेहमीच्या ९६०० च्या वेगानं अख्खा दिवस गेला असता. सरांनी मला वेग वाढवून ११५२०० करायला सांगितलं. मी केला. फाइल गेली, राउटर सुरू झाला, आणि सर रजिस्टर उघडून बसले. “वेग पूर्ववत केलास ना?” पूर्व म्हणजे आधी, एवढं मला ठाऊक होतं. मला वाटलं, फाइल पाठवायच्या आधीच वाढवलास ना, असं विचारतायत. मी तर वाढवलाच होता. मी मान हलवली. त्यांनी लिहिलं, पेनाला टोपण लावलं आणि आम्ही कॅन्टीनला पोहे खायला गेलो...

इंजिनिअरनं सकाळी तेच पान मला वाचायला लावलं होतं. ‘वेग ११५२०० केला. काम झाल्यावर पूर्ववत.’ म्हणून तो लॅपटॉपवर ९६०० धरूनच अडून बसला होता; दोन्हीकडचा वेग जुळला नाही की स्क्रीनवर नुसता कचरा उमटतो. दुपारी ते पान मी पुन्हा उघडलं आणि कुणाला कधीच विचारत नाही ते त्याला विचारलं, पूर्ववत म्हणजे नक्की काय. वर न बघता तो म्हणाला, “होतं तसं.”

मी रजिस्टर मिटलं. मग त्याला म्हटलं, ११५२०० वर करून बघा. त्यानं वेग बदलला, एंटर दाबलं, आणि स्वच्छ ओळ उमटली. पुढच्या अर्ध्या तासात राउटर चालू झाला. तापकीर दादा आत डोकावले, “झालं व्हय?” म्हणाले, आणि गाड्या सोडायला निघाले. इंजिनिअरनं त्यांना थांबवलं. रिपोर्ट हेड ऑफिसला जाणार होता, त्यावर त्यांची सही हवी होती. गायकवाडांनी वेग बदलून ठेवला आणि रजिस्टरमध्ये खोटी नोंद केली, असं तो टाइप करत होता. दादा चष्मा शोधत म्हणाले, “मेल्या माणसाचं वाईट बोलू न्हाई, पर लिहायला तर लागंल.” माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. मला बॅग उचलून बस गाठता आली असती, पाच मिनिटंच उरली होती. दादांनी पेन उघडलं.

“खोटं नाही लिहिलं त्यांनी,” मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की दोघांनीही “काय?” केलं. मग मी उठून उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, “वेग मी बदलला होता, आणि परत आणला नाही. त्यांनी विचारलं तेव्हा मी हो म्हटलं. मला तो शब्दच कळला नव्हता. माझं नाव घाला.”