बाद केलेले एकेचाळीस ठिपके

हॉस्पिटलात सगळे तिला गणितवाल्या ताई म्हणत. तिसऱ्या मजल्यावर, चादरी ठेवायच्या खोलीला लागून तिची खोली. तिथे बसून ती रक्तात गेलेलं औषध किती तासांनी किती उरतं याची समीकरणं मांडत असे. नऊ वर्षांपूर्वी तिने एका जालीम अँटिबायोटिकसाठी सूत्र बसवलं. कमी पडलं तर जंतू मरत नाहीत आणि जास्त झालं तर कान जातात, असं ते औषध. तेव्हापासून डॉक्टर वय, वजन आणि रक्ताचा रिपोर्ट कॉम्प्युटरात भरत आणि डोस तिचं सूत्र सांगे. तिला याचा अभिमान होता, आणि तो ती फारसा लपवतही नसे.

मग पायाची जखम चिघळून दादाच वॉर्डात दाखल झाला, आणि त्यालाही तेच औषध सुरू झालं. दादा गॅरेजवाला, बॉनेट न उघडता नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगणारा. आईवडिलांच्या मागे त्या कानांच्या जोरावरच त्याने हिला शिकवलं होतं.

"तुझंच गणित ना? मग मी बिनघोर," तो म्हणाला.

पाचव्या दिवशी सकाळी ती डबा घेऊन आली, तेव्हा सिस्टर दादाचं रक्त काढत होती. बाटलीच्या लेबलवर वेळ छापलेली होती, सहा. भिंतीवरच्या घड्याळात साडेसात होऊन गेले होते.

"सिस्टर, ही वेळ चुकलीय."

"नाही हो ताई, लेबलं सहाचीच छापून येतात. वीस खाटा उरकेपर्यंत आठ वाजतात. वर्षानुवर्षं असंच चाललंय."

दीड तासात औषध आणखी ओसरतं. ते ओसरलेलं माप सहाचं म्हणून नोंदलं, की सूत्राला वाटतं शरीर औषध झपाट्याने बाहेर टाकतंय, आणि ते डोस वाढवून देतं. दादाचा एकट्याचा नाही, सगळ्यांचाच.

धापा टाकत ती खोलीत आली आणि सूत्र बसवतानाची जुनी फाइल उघडली. आलेखाच्या रेषेत न बसलेले एकेचाळीस ठिपके तिने तेव्हा बाद केले होते. वर 'नोंदीत गडबड' असा शेराही मारला होता. ठिपक्यांपुढे रक्त काढल्याच्या वेळा होत्या: सहा बावन्न, सात सतरा, सात एकेचाळीस. सगळ्या एकाच सिस्टरच्या हातच्या. ती सिस्टर छापलेली वेळ खोडून खरी वेळ लिहायची, म्हणून सगळे तिला खडूस म्हणत. खऱ्या नोंदी तेवढ्याच होत्या, आणि नेमक्या त्याच हिने उचलून फेकल्या होत्या. नऊ वर्षांत एकदा, फक्त एकदा सकाळी खाली उतरून बघितलं असतं तर! पण वॉर्डात गणिताचं काय काम, असं तिला वाटायचं.

ती परत खाली वॉर्डात धावली. डॉक्टर फेरीवर होते. ती म्हणाली, "आजचा डोस थांबवा. सगळ्यांचा. माझं सूत्र चुकलंय."

"मग द्यायचा किती, मॅडम?"

"मला सांगता येत नाही. खरी वेळ लिहून रक्त पुन्हा काढा. तोवर कोणालाच देऊ नका."

डॉक्टरांनी दादाच्या कागदावरच्या डोसवर रेघ मारली आणि पुढच्या खाटेचा कागद उचलला.

दादा डबा खात बसला होता. ती हळूच म्हणाली, "दादा, माझं चुकलं."

"काय? जरा मोठ्याने बोल गं. दोन दिवस झाले, कानात नुसती शिट्टी वाजतेय."

आजूबाजूच्या खाटांवरची माणसं बघत होती. त्यांनाही तेच औषध चालू होतं. तिने डब्याचं झाकण घट्ट धरलं आणि साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "दादा, माझं चुकलं!"