आमचे हे

पुण्यात बिबवेवाडीत आमच्या खालच्या मजल्यावर एक तरुण मुलगा एकटाच राहतो. आयटीत आहे. रविवारी आमच्याकडे जेवतो. त्याच्या लठ्ठपणावर उपाय म्हणून डॉक्टरांनी तोंडावाटे दुर्बीण घालून त्याच्या पोटाला आतून टाके घातले आणि ते लहान केलं. जुन्या बायका नवऱ्याला 'आमचे हे' म्हणायच्या, तसं तो पोटाला म्हणतो. "काका, अर्ध्या पोळीतच आमचे हे नको म्हणाले," असं सांगून तो ताटावर आडवा हात धरायचा.

मला ते चालत नसे. "अरे, चमचाभर श्रीखंडानं तुझे हे उसवणार आहेत का?" म्हणत मी त्याच्या हाताच्या कडेनं वाढायचोच. तो हसून खायचा. खरं सांगायचं तर मला त्याच्या पोटाची काळजी नव्हती. माझ्या घरी कुणी कमी जेवलं की मला अपमान वाटतो.

दीड वर्षात अर्धीची एक पोळी झाली, मग दोन. मी खूश होतो. गेल्या रविवारी मी वाढायला वाकलो, तर आडवा हात आलाच नाही.

"काय म्हणतात तुझे हे?"

"काही बोलतच नाहीत हल्ली," तो ताटाकडे बघत म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, टाके सैल पडलेत, पोट पुन्हा ताणलं गेलंय. आता 'नको' मलाच म्हणावं लागणार. मला नाही जमत, काका."

तरी ताट त्यानं पुढेच धरलं होतं. मी भरलेला चमचा परत भांड्यात सोडला आणि झाकण लावलं.