हात धुऊन कीबोर्डमागे

आमच्या ऑर्केस्ट्रातले कोणतेही दोघं कुठंही भेटू द्या. बारशाला, तेरवीला, नाहीतर सीताबर्डीवर भाजी घेताना. पिशवी खाली ठेवली जाते आणि सुरू! "अबे, ते आठवते का, वासूनं त्या पाहुण्याले काय म्हटलं होतं..." बायको भाजी घेऊन घरी पोचते, फोडणी पडते, आम्ही तिथंच. हे किस्से आम्ही मुद्दाम गोळा केले नाहीत. घरात रद्दी साठते तसे साठत गेले. फरक एवढाच, की रद्दीवाला हे घेत नाही.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. ऑर्केस्ट्राचं नाव 'स्वरसंत्रा'. नाव मीच ठेवलेलं आणि निवेदकही मीच, त्यामुळे तक्रार करायची सोय नव्हती. ढोलक-तबल्यावर गजभिये, रेल्वेत क्लार्क. माइक आणि लाइट बबनकडे, त्याचं महालात साउंडचं दुकान. आणि चौथा वासू. धंतोलीत एका नर्सिंग होममध्ये कंपाउंडर. दिवसभर गोळ्या, मलमपट्टी आणि इंजेक्शनं, संध्याकाळी हार्मोनियम.

वासूचा मावसभाऊ आखातात नोकरीला होता. सुट्टीवर येताना त्यानं वासूसाठी इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आणला. अशी वस्तू आम्ही फक्त फोटोत पाहिलेली! खोका उघडला, आम्ही तिघं हात पुढे करून उभे. पण वासूनं कोणाला शिवू दिलं नाही. आधी आतली पुस्तिका काढली आणि पहिल्या पानापासून वाचायला बसला. उन्हात ठेवू नका. ओल लागू देऊ नका. लहान मुलांपासून दूर ठेवा. बिघाड झाल्यास स्वतः उघडू नका, जाणकाराला दाखवा. शेवटचं पान मिटून त्यानं मोठा श्वास सोडला.

"अबे, हे तर औषधाच्या बाटलीवरचंच आहे. हे मले येते!"

आमचे हाल सुरू झाले ते तिथून.

* * *

पहिला नियम, हात धुतल्याशिवाय कीबोर्डला हात लावायचा नाही. साबणानं, मनगटापर्यंत. गजभिये वैतागायचा. "मी गाणं वाजवाले आलो का बाळंतपण कराले?" पण धुवायचा बिचारा.

बबनचं मात्र नुसते हात धुऊन कधी भागलं नाही. एकदा महालातल्या कार्यक्रमात वासूचा अ‍ॅडॅप्टर घरी राहिला. लोक बसलेले, टाळ्या सुरू. बबननं त्याच्या पेटाऱ्यातून टेपरेकॉर्डरचा अ‍ॅडॅप्टर काढला, पिन बसते का पाहिली, बरोब्बर बसत होती. तो बटण दाबणार इतक्यात वासूनं स्टेजच्या त्या टोकावरून झेप घेतली ती थेट बबनच्या हातावर.

"पिन बसली म्हणून लावून राहिला काय बे? आतला प्लस-मायनस पाहिला?"

"अबे, करंट तो करंट. सगळा सारखाच!"

"रक्तही सगळं लालच असते! ग्रुप न पाहता चढवतो काय कोणाले?"

त्याच्या समोरचा माइक चालू होता. पहिल्या रांगेतल्या एक बाई घाबरून विचारू लागल्या, "कोणाले लागलं हो?" शेवटी गजभियेनं नुसत्या ढोलकवर पाऊण तास काढला, तोवर बबन सायकलवर जाऊन खरा अ‍ॅडॅप्टर घेऊन आला.

* * *

आता हे सगळं ऐकून तुम्हाला हसू येत असेल. आम्हीही हसत होतो. पण वासूच्या घरी एक बाई होती, तिला हसू येत नव्हतं. त्याची आई.

वडील लहानपणीच गेलेले. आईनं शिवणटिपण, पापड-वड्या करून पोराला उभं केलं. पोरगा गुणी, नोकरी पक्की, सुपारीच्या खांडाचं व्यसन नाही. पण पस्तिशीला टेकला तरी लग्न नाही. रिहर्सल वासूच्या घरी असायची आणि मधल्या सुट्टीत आई आम्हाला गरम वडे वाढायची. वाढता वाढता तिचं एकच गाऱ्हाणं.

"काय सांगू गा बाप्पा, ह्याले त्या पेटीतलं एकेक बटन सापडते. बायको तेवढी सापडत नाही. माह्या डोळ्यादेखत अक्षता पडतील काय ह्याच्या डोक्यावर?"

म्हणताना हसायची आणि हसता हसता पदर डोळ्याला लावायची. तेव्हा मग आमचा हातातला वडा परत ताटलीत जायचा. आम्ही तिघांनी ठरवलं, वासूचं लग्न आपणच जमवायचं. ओळखीतल्या सगळ्या गावांत निरोप गेले.

* * *

पहिलं स्थळ माझ्याच ओळखीतलं. मुलीचे मामा न कळवता आले. चांगली माणसं अशीच येतात, मुलगा एरवी कसा वागतो ते पाहायला. दुपारची वेळ, खिडकी उघडी. आत वासू हेडफोन लावून सराव करत होता.

आता हेडफोनची गंमत अशी, की वाजवणाऱ्याला सगळं ऐकू येतं आणि पाहणाऱ्याला काहीच नाही. मामांना खिडकीतून दिसलं ते असं. पस्तिशीचा माणूस, कानावर दोन वाट्या, डोळे मिटलेले, मान डोलते आहे, एका पांढऱ्या फळीवर दहाही बोटं टपटप टपटप, आणि आवाज शून्य! मधूनच "वाह!" म्हणतो आहे. स्वतःलाच.

मामा फाटकातूनच परत फिरले. मला रस्त्यात भेटले. खांद्यावर हात ठेवून फार मायेनं म्हणाले, "दवाखान्यातच नोकरीले आहे म्हणता ना? मंग तेथीच दाखवून टाका."

दुसरं स्थळ गजभियेनं आणलं. मंडळी रीतसर आली, चिवडा झाला, चहा झाला. मुलीच्या काकांनी कौतुकानं विचारलं, "हेच का ते विलायती वाजवायचं?" आणि चिवड्याच्या तेलकट हातानं सगळ्या पट्ट्यांवरून इकडून तिकडे एक लांब हात फिरवला.

आईनं डोळ्यांनी विनवलं. गजभियेनं वासूचा पाय दाबला. उपयोग नाही!

"काका, तिकडं मोरी आहे. साबण कोनाड्यात."

काकांनी हात धुतले, रुमालाला पुसले, आणि त्याच रस्त्यानं घरी गेले. त्या रात्री आई जेवली नाही. वासूही जेवला नाही. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "चुकलंच बे माह्यं. पण ते तेल पट्टीच्या फटीतून आत गेलं असतं तर?"

* * *

वासूच्या हातून चूक झालीच नाही असं नाही. झाली, आणि तीही कंपाउंडरचीच.

दसऱ्याला आमच्याकडे सगळ्या वाद्यांची पूजा. आईनं भक्तिभावानं ओल्या बोटानं कीबोर्डवर हळदकुंकू लावलं. थोडंथोडकं नाही, एकेका बटणावर! वासू ड्यूटीवरून आला, पाहिलं, आईला एका शब्दानं बोलला नाही. कापसाचा बोळा घेतला, दवाखान्यातलं स्पिरिट घेतलं आणि जखम पुसावी तसं हलक्या हातानं सगळं पुसून काढलं. कुंकू गेलं. कुंकवाबरोबर बटणांवरची छापील अक्षरंही गेली! वॉल्ट्झ, रॉक, सांबा, डिस्को, सगळ्या तालांची बटणं एका रंगाची गुळगुळीत. पुस्तिकेत लिहिलेलं होतं हो, की स्पिरिट वापरू नका, नुसतं कोरडं मऊ फडकं घ्या. पण कंपाउंडरचा हात दुसरीकडे जाईल कसा?

पुढच्याच आठवड्यात मौद्याला सप्ताहाच्या समाप्तीचा कार्यक्रम. समोर महाराज बसलेले, बायाबापड्या, म्हातारे. मी आवाज खाली आणून म्हटलं, "आणि आता शांत रसातला एक अभंग..." वासूनं अंदाजानं बटण दाबलं.

ढिच्चिक ढिच्चिक ढिच्चिक!

घाबरून दुसरं दाबलं, ते आणखी वेगात. बंद करायचं बटण कोणतं तेही पुसलेलं. त्या दिवसापुरता बोलावलेला गायक बिचारा देवाचं नाव घेत सुटला, ढोलकवाल्या गजभियेला चेव आला, आणि अभंग जो काही धावला म्हणता! पहिल्या रांगेतला एक आजोबा उठून उभा राहिला. आम्हाला वाटलं आता चप्पल येते. आजोबांनी फुगडीला जोडीदार शोधला.

कार्यक्रमानंतर आम्ही माना खाली घालून महाराजांच्या पाया पडायला गेलो. महाराज गंभीरपणे म्हणाले, "अभंग चांगला झाला. पुढच्या वर्षी नाचाले जरा जागा जास्त सोडजा."

* * *

मग मे महिना आला. पुस्तिकेत स्पष्ट होतं, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. आता तुम्हीच सांगा, मे महिन्यात नागपुरात थंड आणि कोरडी जागा कोणती? कोरडं ते भट्टीसारखं तापलेलं, आणि थंड पाहिजे तर कूलरपुढे बसा, तिथं वाळ्याच्या ताट्या आणि पाण्याचे तुषार. वासू चार दिवस कीबोर्ड घेऊन ह्या खोलीतून त्या खोलीत फिरत होता.

मग त्याला आठवलं. नर्सिंग होमची एक्स-रेची खोली! एसी चोवीस तास चालू. डॉक्टरसाहेब भले माणूस, त्यांनी हो म्हटलं. वासूनं कीबोर्ड स्ट्रेचरवर ठेवला, धूळ बसू नये म्हणून दवाखान्याची पांढरी चादर डोक्यापासून पायापर्यंत घातली आणि हळूहळू ढकलत कॉरिडॉरमधून निघाला. चेहरा नेहमीप्रमाणे काळजीनं उतरलेला.

बाकावर पेशंटचे नातेवाईक बसलेले. एक म्हातारी उठली, हात जोडले, पदर तोंडाशी नेला. "कोण होतं गा बापू तुह्यं?"

वासू म्हणाला, "गेली नाही वं मावशी. उन्हाचं चालत नाही तिले. आत नेऊन निजवतो."

* * *

तर आता खाप्याचं.

खाप्यात आमचा संध्याकाळचा कार्यक्रम होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथंच वासूसाठी मुलगी पाहायची, असा बबननं बेत जमवला. मुलीचे वडील विणकर. मुलगी शालू, घरी शिवणकाम करायची. आई आदल्या दिवसापासून आमच्याबरोबर. वाटेत तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "ह्यावेळी काही झालं ना गा, तर मी पुन्हा कोणाच्या दारात जाणार नाही. मले आता सोसत नाही." मला फार वाईट वाटलं. आम्ही तिघांनी वासूला दम भरला. "तोंड उघडायचं नाही. हात धुवा म्हणायचं नाही. समजलं?" त्यानं मान हलवली.

पण कीबोर्ड टेम्पोत उन्हात ठेवायला तो तयार होईना. कडेवर पोर घ्यावं तसा घेऊन आला आणि पाहुण्यांच्या खोलीतल्या बाजेवर ठेवला. खोलीत एका बाजूला शालूचं शिलाई मशीन. पोहे झाले, चहा झाला, वासू तोंड शिवल्यासारखा बसून. मुलगी आली, नमस्कार केला, मोजकं बोलली. सगळं सुरळीत! मग वडील म्हणाले, "चाला, तुम्हाले आमचा माग दाखवतो." आम्ही सगळे मागच्या पडवीत गेलो. आई स्वयंपाकघरात बायकांशी बोलत होती.

माग पाहून परत आलो आणि दारातच थिजलो.

शालू बाजेपाशी गुडघे टेकून बसली होती. हातात शिलाई मशीनच्या तेलाची कुपी. कुपीचं लांब टोक कीबोर्डच्या दोन पट्ट्यांच्या फटीत. तेल! ज्याच्या एका थेंबानं कीबोर्ड कायमचा जाईल असं वासूनं आम्हाला शंभरदा बजावलं होतं, ज्याच्या भीतीनं त्यानं हातचं स्थळ घालवलं, तेच!

आई स्वयंपाकघराच्या दारात आली, पाहिलं आणि तिनं डोळे गच्च मिटले. बबननं माझा दंड पकडला. वासूचा चेहरा पांढराफटक.

शालू गडबडून उभी राहिली. "काल कार्यक्रमात पाह्यलं मी. हे एक बटन खाली गेलं की वर येत नव्हतं. तुम्ही सारा वेळ नखानं उचलून राहिले होते. म्हटलं, बोट दुखलं असन. म्हणून थोडं तेल..."



वासू पुढे गेला. ती पट्टी दाबली. सोडली. वर आली. पुन्हा दाबली. मग त्यानं आईकडे पाहिलं, शालूकडे पाहिलं आणि बाजेपाशी तिच्या शेजारी खाली बसला.

"ही बाजूचीही जराशी अडकते," वासू म्हणाला. "हिलेही द्या ना थोडंसं."