दहापैकी तीन

काल घरी सिनेमा संपल्यावर मुलीने विचारलं, "आई, दहापैकी किती?" आणि मला एकदम धुळ्याच्या आमच्या बैठकीतला पोह्यांचा आणि गादीवरच्या कोऱ्या चादरीचा वास आला.

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. मला बघायला जळगावहून पाहुणे आले होते. मुलगा बँकेत होता. त्यानेच विचारलं, "इथे सध्या लागलाय तो सिनेमा पाहिलात? दहापैकी किती द्याल?"

कुणीतरी माझं मत विचारतंय, याचंच मला केवढं अप्रूप वाटलं.

"तीन," मी म्हणाले. "गाणी चांगली आहेत. पण नायक तिच्या थोबाडीत मारतो आणि पुढच्याच गाण्यात ती त्याच्या गळ्यात पडते. असं कुठे असतं?"

तो मनापासून हसला. "मलाही तेच खटकलं," म्हणाला.

"मुलगी फार बोलते," त्याचे वडील माझ्या आईकडे बघत म्हणाले. त्याचं हसू विरलं. खाली मान घालून त्याने पोहे संपवले, माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही.

आठवड्याने नकार आला. आई डोळे पुसत म्हणाली, "इतलं बोलानी काय गरज व्हती? पुढला येळे नुस्तं 'चांगला शे' म्हन."

तेव्हा मला आईचा राग आला होता. आज तिची भीती समजते. त्या मुलाचं गप्प बसणं मात्र अजून पचलेलं नाही.

पुढच्या पाहुण्यांनीही एका सिनेमाबद्दल विचारलं. तो मी पाहिलाही नव्हता. "छान आहे," मी म्हणाले, आणि त्याच बैठकीत सुपारी फुटली.