मुकुंददादा आधी लाकूड वाजवतात

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही, ते लाकडाच्या भुशासारखे कपड्यांना चिकटून घरी येतात. दूधविनायक मोहल्ल्यात मुकुंददादांच्या खोलीत चहाला बसलं की एखादा तरी चिकटतोच!

दादा सकाळी दशाश्वमेध घाटावर महाराष्ट्रातून आलेल्या यात्रेकरूंच्या पूजा सांगतात आणि दुपारी इलेक्ट्रिक गिटारी बनवतात. मी रेल्वेतली, बदलीवर इथं आलेली. गिटार शिकले ती त्यांच्याकडेच.

* * *

भाच्यासाठी मुलगी बघायला दादा-वहिनी दुर्गाघाटावर गेले. वहिनी मुलीशी बोलत होत्या आणि दादा दाराची चौकट बोटानं वाजवत उभे! जुनं सागवान, आतला ओलावा केव्हाच गेलेला, टणटण बोलणारं.

परतताना वहिनींनी विचारलं, "काय, स्थळ कसं वाटलं?"

"उत्तम! फक्त विचार, घराची मरम्मत कधी काढताहेत?"

लग्न झालं. चौकट अजून तिथंच आहे. दादा दर सणाला तिला भेटून येतात!

* * *

बँकेतल्या कुलकर्णींना शिसवाचीच गिटार हवी होती. जड लाकडात सूर लांब टिकतो, असं त्यांनी कुठंतरी ऐकलेलं. दादांनी परोपरीनं सांगितलं, ऐकेनात. शेवटी बनवून दिली. सूर खरंच टिकला. महिन्याभरात कुलकर्णी मान वाकडी करून हजर!

"दादा, सस्टेन एकदम बढिया! पण खांदा सस्टेन होत नाही हो!"

* * *

पुण्याचा एक साउंड इंजिनीअर म्हणाला, "काका, इलेक्ट्रिक गिटारीत आवाज तारांखालच्या पिकअपचा. लाकूड नुसतं शोभेला!"

आम्ही शिष्य चिडलो. दादा मात्र खूश! त्यांनी एक गिटार आंब्याच्या नव्या लाकडाची घेतली, एक जुन्या सागवानाची. दोन्हींना सारखे पिकअप, सारख्या तारा. स्वतःच मध्ये चादर बांधली. मी पलीकडून वाजवायला बसले. कोणती वाजतेय ते दादांनी नुसतं ऐकून ओळखायचं.

दादांचं चुकलं. परत चुकलं!

दादा खदखदून हसले. "म्हणजे इतकी वर्षं माझे डोळेच ऐकत होते की!" मग इंजिनीअरला म्हणाले, "पण वाजवताना छातीला जे लागतं, ते चादरीपलीकडे येत नाही. त्याचं काय करायचं, सांग."

त्यानं परतीचं तिकीट रद्द केलं.

* * *

पूनम दादांची लाडकी शिष्या. तिचे वडील रामजतन घाटावर नाव वल्हवतात. त्यांची जुनी नाव मोडीत निघाली तेव्हा ते घाटावर गेलेच नाहीत. पूनमनं गुपचूप एक फळी वाचवली आणि दादांकडे आणली. दादांनी ती पावसाळाभर आणि हिवाळाभर सावलीत सुकवली. खिळ्यांची भोकं बुजवली नाहीत. गिटार तयार झाली. आवाज खोल, थोडा खरखरीत.

पूनमनं वडिलांना बोलावलं आणि वाजवून दाखवलं. रामजतन भिंतीकडे बघत राहिले. मग जवळ आले आणि एकेका भोकावरून बोट फिरवत गेले.

"मेरी है," ते म्हणाले. मग शेवटच्या भोकावर बोट ठेवून, "पर उल्टी लगी है, पंडितजी. आगे का सिरा पीछे हो गया. नाव ऐसे नहीं चलती."

पूनमनं दादांकडे बघितलं. वर्षभराचं काम!

दादांनी गिटार मांडीवर घेतली आणि तारा उतरवायला सुरुवात केली.