ऋभु नावाची मोजणी

बारा नोव्हेंबर, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. प्रयोगशाळेबाहेर मैत्रिणीने संत्रे सोलले आणि त्या वासासरशी मला पांढुर्ण्यातले भाच्याचे बारसे आठवले. भाऊ संत्र्यांसाठी लाकडी पेट्या बनवतो. त्या दिवशी पाहुण्यांना बसायलाही पेट्याच उलट्या मांडल्या होत्या. आत्या म्हणून नाव ठेवण्याचा मान माझा होता आणि मी ‘ऋभु’ हे नाव निवडले होते. पांढुर्णा, सौंसर, दोन्हीकडे विचारूनही या नावाचा कोणी सापडला नव्हता, याचा मला अभिमान होता. वहिनीला मात्र त्याचीच धास्ती वाटत होती. “ताई, शाळेत पोट्टे चिडवतीन त्याले. असं एकट्याचं नाव काऊन ठेवून राहिल्या तुम्ही?” मी अर्थ सांगितला: ऋग्वेदातले ऋभु जन्माने देव नव्हते, ते रथ घडवणारे कारागीर होते आणि हातांच्या कौशल्यावर देवांच्या पंक्तीला बसले. नखांत अडकलेला भुसा टोकरणारा भाऊ थांबला. “म्हंजे आपल्याच धंद्यातले,” तो म्हणाला. वहिनी हसली. “मंग ठेवा. पण हा रथ नाही, पेट्याच ठोकन.” मी बाळाच्या कानात ‘कुर्र’ करून नाव सांगितले आणि रीतीप्रमाणे बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घातले. त्या आठवणीने आज भावाला फोन केला, तेव्हा कळले की बोरगावच्या एका पेटीवाल्याने अर्थ ऐकून आपल्या मुलाचे नावही तेच ठेवले आहे. नाव आता पूर्वीइतके दुर्मीळ उरले नाही, आणि वहिनीइतकाच मलाही त्याचा आनंद झाला. आमच्या भागातील ऋभु, आजची नोंद: दोन.