ऑइलचा नट

आमच्या जुन्या फियाटचं ऑइल शिरूरच्या स्टँडमागचे एक मेकॅनिक बदलायचे. एकदा मी पुण्याहून भारी डबा नेला. त्यांनी थेंबभर ऑइल चिमटीत चोळलं आणि झाकण लावलं.

"लई पातळ हाय. म्हाताऱ्या इंजिनाला जाडच लागतंय."

मग त्यांनी स्वतःकडचं जाड ऑइल भरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते वडगाव रासाईला आमच्या दारात हजर. सरळ गाडीखाली शिरले आणि खिशातल्या पान्यानं इंजिनाच्या बुडाचा, जुनं ऑइल सोडायला काढतात तो ऑइलचा नट तपासला. घट्टच होता.

"मग एवढ्या लांब आलात कशाला?"

"काल नट आवळताना तुम्ही बोलत व्हता, आन् मी नुसतं व्हय-व्हय करत व्हतो. ध्यान नव्हतं माझं."

पाणी पिऊन ते गेले. पुढं त्यांच्या हातात पाना असताना मी कधी तोंड उघडलं नाही.